सभेत वर गेलेला हात

या महिन्याच्या पत्रांमधली तीन पत्रं मी मुद्दाम एकत्र घेतली आहेत. एक दापोली तालुक्यातल्या वाडीतून आलं आहे, दुसरं जयगड खाडीच्या बाजूचं, तिसरं मालवण तालुक्यातल्या एका सरपंचांचं. तिघांची एकमेकांशी ओळख असण्याचं कारण नाही. पण सगळे एका बाजूला आणि आपण दुसऱ्या बाजूला, अशा जागी तिघंही अडले आहेत. रत्नागिरी जिल्ह्यात मी एकतीस वर्षं मानसशास्त्र शिकवलं आणि हा विषय मला फार जवळचा आहे, म्हणून उत्तरं लांबली तर चालवून घ्या.

प्रश्न : आमच्या वाडीत चौदा बायकांचा बचत गट आहे. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत केव्हातरी गटातर्फे हळदीकुंकू होतं. माझ्या धाकट्या जावेचे यजमान दोन वर्षांपूर्वी गेले. गटाचा हिशेब ती ठेवते, बँकेत तीच जाते, पण हळदीकुंकवाच्या दिवशी ती घरी बसते. यंदा तिला आणि गटातल्या अशाच आणखी दोघींना बोलवायचं का, असा विषय बैठकीत निघाला. त्या तिघी त्या दिवशी आल्या नव्हत्या. अध्यक्षबाई म्हणाल्या, "पद्धत आहे तशी ठेवायची असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करा." पुढच्या चार-पाच जणींचे हात लगेच वर गेले. मग बाजूचे गेले. माझ्या मनात नव्हतं, तरी माझाही गेला. घरी आले तर जाऊ पडवीत बसून लाडवांसाठी तीळ निवडत होती. काय ठरलं, हे तिने विचारलंसुद्धा नाही. नंतरच्या आठवड्यात तिघी जणी मला वेगवेगळ्या गाठून म्हणाल्या, "माझ्या मनात बोलवायचं होतं गो, पण सगळ्यांचेच हात वर." मी इतकी भित्री कशी झाले? आणि हा विषय परत काढू, की झालं ते झालं म्हणू?
— एक वाचक भगिनी, दापोली तालुका

उत्तर : ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा त्या तीळ निवडणाऱ्या जावेपाशी थांबले.

भित्रेपणाचं आधी बोलू, कारण तो शब्द तुम्ही स्वतःला लावून घेतलाय आणि तो मला पटत नाही. सॉलोमन अ‍ॅश नावाचे मानसशास्त्रज्ञ होते, जन्म पोलंडमधला, आयुष्य अमेरिकेत गेलं. १९५१ मध्ये त्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. एका कार्डावर एक रेघ आणि दुसऱ्या कार्डावर तीन. या तिघींतली कोणती पहिलीएवढी, एवढंच सांगायचं. खोलीत सात-आठ तरुण बसलेले, पण त्यांतला एकच खरा अजाण, बाकीचे आधीच पढवलेले. अठरा फेऱ्यांपैकी बारांमध्ये हे पढवलेले सगळे एकामागून एक ठामपणे चुकीची रेघ सांगायचे, आणि अजाण माणसाची पाळी शेवटाकडे यायची. काम इतकं सोपं, की एकट्याने करायला दिलं तर शंभरात एखादी चूकही होत नसे. इतरांच्या मागून बोलताना मात्र सुमारे ३७ टक्के उत्तरं चुकीच्या बहुमताच्या बाजूने गेली. चारांतले तीन जण निदान एकदा तरी वाहवले.

हा प्रयोग मी वर्गात दरवर्षी करायची. कार्डांऐवजी खराट्यातले हीर घ्यायचे, बोटभर, वीतभर, त्याहून थोडे लांब असे तोडून. पाच-सहा मुलांना आदल्या दिवशी सांगून ठेवायचं. एका वर्षी एक मुलगी, बाजारात हाताने मासळी तोलून तिचं वजन सांगू शकणारी, समोर धडधडीत आखूड दिसणाऱ्या हिराला "हाच बरोबरीचा" म्हणाली. नंतर मी एकटीला विचारलं तेव्हा तिचे डोळे भरून आले. ती म्हणाली, "बाई, मला वाटलं माझ्या नजरेतच काहीतरी झालंय." ती मुलगी मुळीच भित्री नव्हती. सगळे इतकं ठाम सांगतायत तर आपलंच काहीतरी चुकत असणार, असं तिला मनापासून वाटलं होतं.

काहींना असं वाटतं, काहींना मनात बरोबर काय ते माहीत असतं, पण वेगळं दिसायचं नसतं. तुमचं दुसऱ्या प्रकारचं. आणि हे लक्षात घ्या, की अ‍ॅशच्या त्या मुलांना रेघ चुकली काय नि बरोबर आली काय, काही सोसायचं नव्हतं. बाकीचे लोक परत भेटणारही नव्हते. तुमच्या समोरच्या बायका उद्या विहिरीवर भेटणार, मुलीच्या लग्नात वडे तळायला येणार, रात्री-बेरात्री कुणाचं दुखलं-खुपलं तर त्याच धावणार. तुमचा हात या सगळ्यासकट वर गेला होता.

आता जरा हिशेब करू. चौदांतल्या तिघी नाहीत, म्हणजे अकरा हजर. तुम्ही आणि तुम्हाला नंतर भेटलेल्या तिघी, असे चार हात मनाविरुद्ध वर गेले. ज्यांनी अजून तोंड उघडलेलं नाही अशा किती असतील ते सोडून द्या. तुमच्या मागे बसलेल्या बाईने तुमचाच हात बघून स्वतःचा वर केला असेल. ज्या चौघींनी एकमेकींना "सगळ्यांचेच हात" म्हणून पाहिलं, त्या चौघींचं मत एकच होतं, ते फक्त कुणी बोललं नाही. मनात सगळ्यांच्या एक आणि दिसतं भलतंच, असं माणसांच्या घोळक्यात वारंवार होतं. त्यामुळे त्या दिवशी बहुमताने ठरलं असं मी मानत नाही. एका विशिष्ट रीतीने विचारलं म्हणून तसं दिसलं.

विचारण्याची रीत का महत्त्वाची, तेही अ‍ॅशच्याच कामात सापडतं. त्यांनी काही जणांना उत्तर मोठ्याने सांगण्याऐवजी कागदावर लिहायला दिलं, तेव्हा चुकीच्या बहुमतामागे जाणं बरंच कमी झालं. दुसरी गोष्ट मला आजही हलवून जाते. पढवलेल्यांपैकी एकालाच खरं उत्तर द्यायला सांगितलं, म्हणजे अजाण माणसाला एकच सोबती मिळाला, तर वाहवणं जवळजवळ चौथाईवर आलं. एक सोबती, ताई. तुमच्याकडे तीन आहेत. मात्र तो सोबती मधेच फुटून बहुमताला मिळाला, की अजाण माणूस पुन्हा तसाच वाहवत गेला. सोबती काही कामासाठी उठून खोलीबाहेर गेला असेल, तर त्याचा आधार नंतरही बराच टिकला. म्हणून जी ऐन वेळी फिरेल तिच्यावर भिस्त ठेवू नका. तिघींतली कोण टिकेल हे तुम्हालाच कळेल.

तुम्ही दापोलीच्या आहात म्हणून मुरुडची गोष्ट सांगते. जंजिऱ्याचं नव्हे, तुमच्याच किनाऱ्यावरचं मुरुड. धोंडो केशव कर्वे त्या गावचे, पुण्यात फर्ग्युसनमध्ये गणित शिकवायचे. पहिली पत्नी वारल्यावर मार्च १८९३ मध्ये त्यांनी गोदूबाईंशी लग्न केलं. त्या बालविधवा होत्या, पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकलेल्या. मुरुडने कर्व्यांवर बहिष्कार घातला आणि त्याची झळ गावात राहणाऱ्या त्यांच्या आईला लागली. मी हे वाचते तेव्हा दरवेळी त्या आईचा विचार मनात येतो, कारण वेगळं मत धरणाऱ्याची किंमत घरातलं दुसरंच कुणीतरी मोजत असतं. कर्वे गावाशी वैर धरून बसले नाहीत आणि आपलं म्हणणंही त्यांनी सोडलं नाही. १८९६ मध्ये विधवांसाठी आश्रम काढला, १९१६ मध्ये महिलांचं विद्यापीठ. १९५८ मध्ये शंभराव्या वर्षी भारतरत्न मिळालं. आज त्याच मुरुडात त्यांचं स्मारक आहे आणि समुद्रावर जाणारे पर्यटक गाडी थांबवून तिथे फोटो काढतात. १८९३ मध्ये सभेत हात मोजले असते तर कर्व्यांच्या बाजूने किती पडले असते?

पुढे काय करायचं ते असं. गटात विषय न्यायच्या आधी जावेजवळ बसा. तिला काय हवंय हे तुमच्या पत्रात कुठेच नाही. कदाचित तिला यायचं असेल, कदाचित सगळ्यांच्या नजरा झेलायची तिची तयारी नसेल, कदाचित तिला तुमच्या हाताचं आधीच कळलं असेल. तुम्ही स्वतःहून सांगा. ते अवघड जाईल, पण ते कुणा तिसऱ्या बाईकडून तिच्या कानावर जाण्यापेक्षा बरं. बाकीच्या दोघींनाही विचारा. त्या तिघी नसताना त्यांच्याबद्दल ठरवलं गेलं, ही मला त्या बैठकीतली सगळ्यात मोठी चूक वाटते.

मग तुमच्या त्या तिघींना एकत्र आपल्या घरी चहाला बोलवा. एकेकीने तुम्हाला सांगितलंय, एकमेकींना सांगितलेलं नाही. चौघींना एका खोलीत एकमेकींचं ऐकू येऊ दे. पुढच्या बैठकीत अध्यक्षबाईंना विनंती करा की हात नको, चिठ्ठ्या टाकू. गटाची कर्जं ठरवताना तुम्ही चिठ्ठ्या टाकत असाल तर त्यात कुणाला वावगं वाटायचं कारण नाही. त्या वेळी हेही सांगता येईल, की मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवांबाबतच्या प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर गावांनीही तसं करावं म्हणून परिपत्रक काढलं. परिपत्रकाने कुणाच्या मनातलं निघून जात नाही, हे मला माहीत आहे. पण "असं कुठे असतं का?" या प्रश्नाला "हो, असतं" एवढं उत्तर हाताशी राहतं.

चिठ्ठ्यांमध्येही विरुद्ध गेलं तर? तर निदान ते खरं मत असेल, आणि तुमच्या बाजूच्या चिठ्ठ्या किती हे सगळ्यांना दिसेल. पुढच्या संक्रांतीला ज्या बाईला बोलायचं असेल तिला आपण एकटे नाही हे आधीच माहीत असेल.

प्रश्न : माझं वय २९. वडिलांची बोट आहे, मी तिच्यावर तांडेल, म्हणजे बोटीचा म्होरक्या, म्हणून जातो. चार वर्षं सोसायटीच्या प्रत्येक वार्षिक सभेत मी एकच सांगतोय, जाळ्याचा आस, म्हणजे भोकं, बारीक ठेवू नका, पंजाएवढंही नसलेलं पापलेट आणू नका. पहिल्या वर्षी हसले. दुसऱ्या वर्षी "बसा मास्तर" म्हणाले. माझ्या बाजूने फक्त माझा मामेभाऊ. यंदा सगळ्यात जास्त हसणारे एक काकाच उठले नि म्हणाले, "बारकं पापलेट आणणं आता थांबवायला पाहिजे, पोरांना काय राहणार?" शब्द माझेच. सगळ्यांनी माना डोलावल्या. माझं डोकं फिरलं. मी उठून म्हटलं, चार वर्षं मी हेच बोंबलतोय तेव्हा कुठे होता? भांडण झालं आणि ठराव तसाच राहिला. आता सभेत जाऊच नये असं वाटतं. वडील म्हणतात, बोटीकडे बघ.
— एक वाचक, रत्नागिरी तालुका

उत्तर : तुला अरे-तुरे करते, रागावू नकोस. माझे शेवटचे विद्यार्थी तुझ्याच वयाचे.

तुझं पत्र वाचून मला आनंद झाला, आणि हे मी तुझा राग बाजूला सारायला सांगत नाहीये. जे घडलं ते तुझ्या चार वर्षांचं फळ होतं. ते दुसऱ्याच्या तोंडून आलं म्हणून तुला ते पराभवासारखं वाटलं.

अ‍ॅशनंतर अठरा वर्षांनी, १९६९ मध्ये, फ्रान्समध्ये मानसशास्त्रज्ञ सर्ज मॉस्कोविसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उलट प्रश्न विचारला. थोडे लोक पुष्कळांचं मत बदलू शकतात का? मॉस्कोविसी रुमानियात जन्मलेले ज्यू, तरुणपणी थोड्यांतला एक असणं म्हणजे काय ते त्यांनी भोगलेलं. सहा जणींचा गट, त्यातल्या दोघी पढवलेल्या. समोर ३६ रंगीत स्लाइड्स एकेक करून दाखवल्या, सगळ्या निळ्या, फक्त उजेड कमीजास्त. दोघी प्रत्येक वेळी म्हणायच्या, "हिरवी." बाकीच्या चौघींच्या उत्तरांत सुमारे ८.४ टक्के वेळा "हिरवी" आलं. दोघींनी कधी हिरवी, कधी निळी अशी सरमिसळ केली, तेव्हा हा आकडा सव्वा टक्क्यावर आला. म्हणजे उपयोग झाला तो एकसारखं सांगण्याचा.

आठ टक्के फार नाहीत. मी वर्गात हे सांगायची तेव्हा पुढच्या बाकावरून कुणीतरी हमखास "एवढंच?" म्हणायचं. पण त्यानंतरचा भाग ऐक. सगळं झाल्यावर त्या चौघींना एकेकटीला निळ्या-हिरव्याच्या मधले रंग ओळखायला दिले. निळा कुठे संपतो आणि हिरवा कुठे सुरू होतो, ही त्यांची रेघ सरकलेली होती. ज्यांनी सगळ्यांसमोर एकदाही "हिरवी" म्हटलं नव्हतं त्यांच्यातही ती सरकली होती. उघड हो म्हणायला त्या तयार नव्हत्या, आत मात्र काहीतरी हललं होतं. मॉस्कोविसींनी यावरून पुढे मांडलं की पुष्कळांच्या दबावाने माणूस तोंडाने हो म्हणतो, घरी जाऊन त्यावर फारसा विचार करत नाही. थोडे लोक न थकता वेगळं सांगत राहिले, तर तो तोंडाने नाही म्हणतो आणि रात्री पडल्यावर विचार करतो, या पोरांना एवढं काय दिसतंय?

तुझे काका चार वर्षं हसत होते आणि चार वर्षं रात्री बोटीवर विचार करत होते. मग एक दिवस ते त्यांना स्वतःचंच वाटायला लागलं. कल्पना राहते आणि ती आणणाऱ्याचं नाव गळून पडतं, हे इतक्या वेळा होतं की अभ्यासकांनी त्याला वेगळं नाव दिलं आहे. त्यात चोरी नसते. तुझं नाव आठवलं तर "त्या पोराचं मी ऐकलं" असं होतं, आणि ते त्यांना पचणारं नव्हतं. नाव विसरल्यामुळेच ते उठून बोलू शकले.

हे कळलं की तुला राग यायचा नाही असं मी म्हणत नाही. राग रास्त आहे. पण तुला पापलेट वाचवायचंय ना? २०२३ मध्ये सरकारने पापलेट राज्यमासा ठरवलं, तेही याच चिंतेतून, की अंडी घालायच्या आधीच ते जाळ्यात येतंय. तू सभेत सांगतोस ते खरं आहे आणि आता काकांनाही ते दिसतंय.

म्हणून त्यांच्याकडे जा. सभेत नको, संध्याकाळी जाळी शिवत बसले असतील तेव्हा. त्या दिवशी बोललो ते चुकलं म्हण, आणि ठराव त्यांनी मांडावा असं सुचव. सूचक ते, अनुमोदक तू. त्यांच्या नावावर आणखी आठ-दहा जण येतील, जे तुझ्या नावावर आणखी चार वर्षं आले नसते.

दुसरं, मुद्दा सोडू नकोस पण मापात थोडं वाक. पुढच्या संशोधनात दिसलं की एकसारखं बोलणारी माणसं ऐकली जातात, पण तीच आडमुठी वाटायला लागली तर लोक म्हणतात, "याचा स्वभावच असा." आणि विषय मिटतो. ज्याच्यावर डिझेलची उधारी आहे, खलाशांचे आगाऊ पैसे अडकलेत, त्याला तू एका फटक्यात नवीन जाळं घ्यायला सांगतोस तेव्हा त्याला त्याचं घर दिसतं. ३१ जुलैला पावसाळ्यातली मासेमारीबंदी उठली की पहिल्या दोन महिन्यांपुरतं तरी बारीक जाळं नको, असं म्हणून बघ. आणि एक विचारते, तुझ्या बोटीवरचं जाळं कसं आहे? मोठ्या आसाचं असेल आणि त्यात तुझं नुकसान झालं असेल, तर ते बंदरावर सगळ्यांना माहीत असणार. आपलं नुकसान सोसून बोलणाऱ्याचं बोलणं वेगळं लागतं. नसेल, तर आधी ते कर.

मामेभावाला माझ्याकडून शाबासकी दे. तो नसता तर तुझी पहिल्या वर्षीच एकट्याची गंमत झाली असती.

प्रश्न : मी सरपंच आहे. आमच्या ग्रामसभेत सगळे ठराव एकमताने होतात याचा मला अभिमान होता. दोन वर्षांपूर्वी पर्यटकांच्या गाड्यांसाठी किनाऱ्यालगतची, वाळू धरून ठेवणारी केतकी आणि मर्यादवेल काढून जागा सपाट करायची असं मीच मांडलं. मे महिना होता, चाकरमानीही आले होते, सगळ्यांनी हात वर केले. पावसाळ्यात उधाणाने वाळू थेट आत आली, दोन घरांच्या परसात शिरली. आता सगळे म्हणतात, आम्हाला आधीच वाटत होतं. फक्त एक आजोबा त्या दिवशी उठून जाताना काहीतरी पुटपुटले होते. यापुढे प्रत्येक ठरावाला मुद्दाम विरोध करायला मी एक माणूस नेमणार आहे. बरोबर आहे का?
— सरपंच, मालवण तालुका

उत्तर : सरपंच, तुम्ही मोकळेपणाने लिहिलंत, पदावर असताना असं लिहिणारे फार थोडे.

माणूस नेमण्याचा बेत मात्र सोडा. अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ शार्लन नेमेथ यांनी वेगळं मत बोलणाऱ्या माणसाचा गटावर काय परिणाम होतो, याचा अनेक वर्षं अभ्यास केला. कुणी मनापासून विरोध केला की बाकीचे जास्त पर्याय शोधतात, जास्त बाजूंनी बघतात, आणि विरोध करणारा स्वतः चुकीचा असला तरीही हे होतं. पण तोच विरोध ठरवून, भूमिका म्हणून केला, तर तेवढा उपयोग झाला नाही. तो बोलतोय ते त्याचं स्वतःचं नाही हे लोकांना माहीत असतं. तुमचा नेमलेला माणूस उठला की सभा चहाची वाट बघेल.

एकमत म्हणजे चूक, असंही मानू नका. दहा बंदरांतल्या दहा तांडेलांनी वेगवेगळं आकाश बघून "आज नको" म्हटलं तर बोट काढू नये, कारण त्या दहांनी दहा वेळा स्वतः बघितलंय. तुमच्या सभेत तुम्ही आधी बोललात आणि सगळे हात वर गेले. ते एकच मत होतं, तुमचं, हात होते तितक्या वेळा मोजलेलं. पुढच्या वेळी तुम्ही शेवटी बोला. ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यायची असते, ती सहीपुरती उरकत असाल तर नीट घ्या. परसात वाळू कुठून शिरते हे त्यांना आधी कळतं. इतिवृत्तात "सर्वानुमते" लिहिण्याआधी कुणाची शंका होती ते नावासकट लिहायला ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना सांगा.

हे शेवटचं मी अनुभवातून सांगते. आमच्या कॉलेजात संध्याकाळची अभ्यासिका बंद करायचं ठरलं. वरिष्ठांनी सुरुवातीलाच आपलं मत सांगितलं, मुलं येत नाहीत, वीज फुकट जाते. येत होती ती आठ-नऊ मुलं खाडीपलीकडच्या वाडीतली होती. त्यांच्या घरी अभ्यासाला कोपरा नव्हता, आणि त्यांतली दोन माझ्या वर्गातली. हे मला माहीत होतं आणि मी बोलले नाही. महिन्याभराने आणखी चार शिक्षकांनी मला तेच सांगितलं. त्यांनाही माहीत होतं. माझ्या वर्गातल्या त्या दोन मुलांतल्या एकाने त्या वर्षी कॉलेज सोडलं. इतिवृत्तात "सर्वानुमते" आहे आणि खाली माझी सही आहे. मी वर्गात अ‍ॅशचा प्रयोग शिकवत होते त्याच वर्षाची ही गोष्ट.

१५ ऑगस्टच्या सभेला अजून वेळ आहे. त्याआधी एक दिवस त्या आजोबांकडे जा. सभेचं काही काढू नका. पडवीत बसा, आणि त्या दिवशी उठून जाताना ते काय म्हणाले होते ते विचारा.